कांदा उभा चिरून बघा

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरातला एक उन्हाळ कांदा घ्या आणि नेहमीसारखा आडवा न कापता शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरा. तळाशी पांढरट, कडक चकती दिसेल. मुळं फुटतात ती हीच. तिच्या मधोमध, सगळ्या पाकळ्यांच्या आत, फिकट पिवळसर हिरवा कोंब उभा असेल. बाहेरून कांदा अजून कडक लागतो, पत्ती लालसर चमकते, मान घट्ट मिटलेली असते, आणि आत मात्र कोंब चालू लागलेला असतो. तो कांद्याच्या उंचीच्या अर्ध्यावर गेला असेल तर थोड्याच दिवसांत मानेतून हिरवं टोक बाहेर येतं आणि पाकळ्या पोचट व्हायला लागतात, कारण कोंबाला लागणारं सगळं अन्नपाणी त्या पाकळ्यांतूनच ओढलं जातं.

विकिरण केलेला, म्हणजे टिकावा म्हणून गॅमा किरणांचा मारा केलेला, कांदा असाच उभा चिरला तर कोंबाच्या जागी बारीक तपकिरी, कधी काळपट ठिपका दिसतो. वाढीचा अंकुर तिथे थांबलेला आणि सुकलेला असतो. कांद्यावर किरणांचा मारा करून तो टिकवण्याची बातमी आली की नाशिक जिल्ह्यात जी मतमतांतरं होतात, त्यांचं मूळ या ठिपक्यात आहे. तो पाहून एकजण म्हणतो, बघा, कांदा आतून जाळलाय, हे विष आपल्या पोटात जाणार. दुसरा म्हणतो, कांद्याचा प्रश्न सुटला, आता सडणं नाही, रस्त्यावर ओतणं नाही. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांनाही मनापासून काळजी असते. पण कांद्याचं नुकसान कोणत्या महिन्यात, कशाने आणि कोणाच्या पदरात होतं, हे त्यात कोणीच विचारत नाही. त्या प्रश्नाशिवाय या बातमीवर दिलेलं कोणतंही मत अर्धंच राहतं.

आधी भीतीचं बोलू, कारण ती खरी आहे आणि तिला हसून उडवणं मला पटत नाही. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द ऐकला की माणसाला अणुबॉम्ब आठवतो, कर्करोग आठवतो. त्यात लासलगावच्या केंद्राचं नातं भाभा अणुसंशोधन केंद्राशी. २००२ मध्ये तिथे ‘कृषक’ सुरू झालं. कृषी उत्पादन संरक्षण केंद्र हे त्याचं पूर्ण नाव. आत कोबाल्ट-६० असतं. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनच्या माऱ्याने ते तयार करतात, आपल्याकडे राजस्थानातल्या रावतभाटा इथल्या भट्ट्यांत हे काम चालतं. त्याच्या कांड्या स्टीलच्या नळ्यांत बंद करून एका चौकटीत बसवतात. काम नसताना ही चौकट खोल पाण्याच्या हौदात बुडालेली असते, कारण पाणी किरणांना अडवतं. काम सुरू करताना ती वर येते आणि कांद्याने भरलेले खोके जाड काँक्रीटच्या भिंतींआड तिच्याभोवती फिरवले जातात. कांदा कोबाल्टला शिवत नाही. त्याच्यावर पडतात ते फक्त गॅमा किरण.

हे किरण कांद्यातून जातात आणि संपतात. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडात ऊन साठून राहत नाही, तसंच इथे. पदार्थ स्वतः किरणोत्सर्गी व्हायचा तर अणूचं केंद्रक फोडण्याइतकी ऊर्जा लागते. कोबाल्ट-६० च्या दोन गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकीच असते. अन्नातल्या घटकांची केंद्रकं बिघडवायला ती फार अपुरी आहे. खरं तर कुठल्याही कांद्यात मुळातच पोटॅशियम असतं आणि निसर्गात मिळणाऱ्या पोटॅशियमचा अगदी छोटा भाग किरणोत्सर्गी असतो. विकिरण केलेला कांदा आणि शेजारच्या वाफ्यातला साधा कांदा दोन्ही यंत्रासमोर धरले, तर त्यात फरक सापडणार नाही.

मात्रेचा आकडा सांगितला की मात्र गोंधळ वाढतो. कांद्याला ६० ते ९० ग्रे इतकी मात्रा देतात. माणसाच्या सगळ्या अंगावर ४-५ ग्रे पडले तर जीव जाऊ शकतो, म्हणून विचारणाऱ्याचं बरोबरच आहे की मग साठ ग्रे खाल्लेला कांदा आम्ही का खायचा? ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. साठ ग्रेने पाण्याचं तापमान एका अंशाच्या सुमारे सत्तराव्या भागाइतकं वाढतं. माणसाला ती मात्रा मारते, कारण आपल्या रक्तातल्या आणि आतड्यातल्या पेशी सतत विभागत असतात आणि किरण नेमकी ती विभागणी तोडतात. कांद्यात विभागू पाहणारा भाग एकच, तो आतला अंकुर. बाकीच्या पाकळ्यांना विभागायचंच नसतं. त्यामुळे कोंब थांबतो आणि पाकळी जशीच्या तशी राहते. कोबाल्टजवळच्या कामगाराला भिंतीची गरज आहे, ताटातला कांदा खाणाऱ्याला नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न, आरोग्य आणि अणुऊर्जा या तीन संघटनांच्या तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये १० किलोग्रेपर्यंतच्या मात्रेने अन्न खाण्यास अपायकारक होत नाही असा निष्कर्ष दिला. कांद्याची मात्रा त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. भारतात कांदा, बटाटा आणि मसाल्यांना १९९४ मध्ये परवानगी मिळाली. आजच्या नियमांत कंदांसाठी मर्यादा ०.०२ ते ०.२ किलोग्रे आहे. ही मर्यादा एवढी रुंद का, हेही समजून घ्यावं. खोक्यातल्या सगळ्या कांद्यांना सारखी मात्रा मिळत नाही. कडेच्या कांद्याला जास्त मिळते, मधल्याला बाहेरचे कांदे आडोसा करतात. मधल्याला किमान मात्रा पोचली पाहिजे आणि कडेच्याला कमाल ओलांडायला नको, या दोहोंच्या मध्ये काम बसवावं लागतं. खोके फार ठासून भरले किंवा फिरायचा वेग चुकला, तर मधला कांदा कोरडा सुटतो आणि ऑक्टोबरमध्ये त्याच गोणीतले काही कांदे कोंब काढतात. खोक्यावर रंग बदलणारी चिकटपट्टी असते. ती फक्त ‘हा खोका आतून जाऊन आला’ एवढंच सांगते. मात्रा मोजायला फेरस सल्फेटच्या द्रावणासारखे वेगळे मापक ठेवावे लागतात.

तपकिरी ठिपक्याबद्दल भीती बाळगू नये. तो भाग नको वाटला तर सुरीच्या टोकाने काढून टाकावा. पण एका जागी सावध राहायला हवं. हा कांदा बियाण्याला चालत नाही. आपल्याकडे अनेक घरं स्वतःचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, तयार करतात, निवडक कांदे लावून त्यांच्या डोंगळ्यांवर (फुलांच्या दांड्यांवर) बी धरतात. विकिरण केलेला कांदा जमिनीत लावला तर त्याला डोंगळा येणारच नाही. बाजारातून मोठा, सुबक कांदा बियाण्यासाठी आणायची सवय असेल तर ही माहिती गोणीवर असणं फार महत्त्वाचं आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ, जी म्हणते की प्रश्न सुटला. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण भीती माहितीने कमी होते, पण खोटी आशा शेतकऱ्याला खर्चात पाडते.

निफाड, चांदवड, येवला, देवळा, सटाणा, कळवण या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत लागण झालेला उन्हाळ कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत निघतो. लाल कांदा टिकत नाही, तो आला की विकायचा. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, भरायचा तो उन्हाळ. देशाच्या कांद्यातला दोन-तृतीयांशाच्या आसपास वाटा याच हंगामाचा, आणि जूनपासून नवा लाल कांदा येईपर्यंत सगळा देश त्याच्यावर चालतो. साठवणीत ३० ते ४० टक्के घट होते हा आकडा सरकारी कागदांत आणि बातम्यांत वर्षानुवर्षं येतो. विकिरणाच्या बातमीतही हाच आकडा वर असतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की किरण मारले की ही सगळी घट थांबणार.

पण ही घट तीन वेगवेगळ्या चोरांची आहे आणि ते तिघं वेगवेगळ्या महिन्यांत येतात.

एप्रिल-मे-जूनमध्ये कांदा वाळतो. नाशिकचा पारा चाळिशीला टेकलेला असतो, हवा कोरडी असते, पाकळीतलं पाणी उडतं आणि काटा रोज थोडा खाली येतो. कांदा दिसायला उत्तम असतो, पण क्विंटल कमी भरतो. बहुतेक वर्षी एकूण घटीतला सर्वांत मोठा वाटा या वजनघटीचा असतो. मृग बसला की हवा दमट होते आणि दुसरा चोर येतो, सड. पत्तीखाली काळी भुकटी दिसते ती काजळी. मानेतून शिरलेला जिवाणू आतली एखादीच पाकळी पाणचट करतो, बाहेरून काही कळत नाही, दाबल्यावर मात्र मानेशी बोट रुततं आणि वास येतो. बुडाकडून सडतो तो बहुधा शेतातूनच रोग घेऊन आलेला असतो. जुलै-ऑगस्ट हे सडीचे महिने. कोंब येतो त्यानंतर. कांद्याची सुप्तावस्था तोवर संपत आलेली असते आणि रात्रीचं तापमानही उतरायला लागतं. कांद्याला कोंब काढायला सर्वांत सोयीचं तापमान साधारण १० ते २० अंश. शून्याच्या आसपास आणि तीस अंशांच्या आसपास तो आळसावतो. म्हणून मेच्या उकाड्यात न फुटणारा कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गार रात्रींत फुटतो.

विकिरण या तिसऱ्या चोराला पकडतं. फक्त त्यालाच. ६० ग्रेने बुरशी मरत नाही, जिवाणूही मरत नाहीत, त्यांना मारायला कितीतरी पट मात्रा लागते आणि तेवढ्या मात्रेने कांदाच मऊ पडतो. पाणी उडणंही थांबत नाही. कोंब नाही म्हणून शेवटच्या दोन-तीन महिन्यांत कोंबामुळे होणारी वजनघट वाचते, हे खरं, पण मेमधली घट व्हायची ती होतेच. जुलैत सडणारा कांदा किरण मारूनही जुलैतच सडतो.

सडीचा बंदोबस्त शेतात आणि चाळीत होतो आणि त्यात कुठलीही बातमी होण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. नत्राचा शेवटचा हप्ता लागणीनंतर ६० दिवसांच्या आत संपला पाहिजे. पुढे युरिया टाकला तर कांदा फुगतो, भाव बघून तो टाकायचा मोहही होतो, पण मान जाड राहते आणि जाड मान कधी नीट मिटत नाही. सडीला दार तिथेच उघडं राहतं. काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडायचं. निम्म्या माना पडल्या की काढायला घ्यायचं. उपटलेला कांदा वाफ्यात अशा ओळींनी पसरायचा की एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल, म्हणजे उन्हाने कांदा भाजत नाही. तीन ते पाच दिवसांनी पात कापताना तीन-चार सेंटिमीटर मान ठेवायची. घाईत बाया-माणसांकडून अगदी कांद्याला लागून पात कापली जाते, ती जखम ओली राहते आणि सड तिथून सुरू होते. मजुरी कांद्यावर ठरते, मानेच्या लांबीवर नाही, त्यामुळे दोष कापणाऱ्यांना देता येत नाही. कापल्यावर सावलीत दहा ते पंधरा दिवस पातळ थरात सुकवायचा, जोडकांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), चिरलेले आणि गोल्टी (अगदी बारीक कांदा) बाजूला काढायची आणि मगच चाळ भरायची.

चाळीतही हवाच महत्त्वाची. जमिनीपासून दीड-दोन फूट वर तळ, खालून हवा यायला फटी. पाखीची, म्हणजे कांदा भरायच्या कप्प्याची, रुंदी चार फूट, थर चार-पाच फुटांच्या वर नेऊ नये, कारण वरच्या वजनाने खालचा कांदा दबतो आणि मधल्याला हवा पोचत नाही. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, म्हणजे पश्चिमेचा वारा आरपार जातो. दुपाखी पूर्व-पश्चिम. छताला नुसते लोखंडी पत्रे टाकले तर मेमध्ये आत भट्टी होते, मंगलोरी कौलं किंवा सिमेंटचे पत्रे बरे. पावसात वाऱ्याच्या बाजूला लावलेला ताडपत्रीचा पडदा उघडीप मिळताच वर गुंडाळायचा. कित्येक चाळींत तो जूनमध्ये एकदा बांधतात आणि थेट दसऱ्याला सोडतात. आतला दमटपणा आतच कोंडला जातो आणि मग कांद्यालाच नावं ठेवली जातात.

ज्याची चाळ अशी नाही आणि ज्याने ओला, जाड मानेचा कांदा भरला आहे, त्याला विकिरणाने काहीही फायदा होणार नाही. उलट तोटा होईल, कारण केंद्रापर्यंत नेणं-आणणं म्हणजे कांद्याला आणखी एकदा भरणं-ओतणं. ट्रॉलीतून धडाधड ओतलेल्या कांद्याला बाहेरून न दिसणारा मार बसतो आणि तोच पावसाळ्यात आधी जातो. न्यायचाच असेल तर क्रेटमधून न्यावा, उंचावरून ओतू नये, आणि नेण्याआधी सुकवण पूर्ण झालेली असावी.

वेळेचाही अडसर आहे. किरण लागू पडतात ते कांदा गाढ झोपेत असताना. सुकवण झाल्यावर, काढणीपासून दोन-तीन आठवड्यांच्या आत हे काम झालं तर सर्वांत उत्तम. जुलैत कोंब आतून हलायला लागल्यावर तीच मात्रा अपुरी पडते. म्हणजे हाताशी असतात ते एप्रिल-मेचे पन्नासेक दिवस. हिशेबाला एका केंद्राचा वेग तासाला दहा टन धरू आणि ते दिवसाला वीस तास चालतं असं मानू. पन्नास दिवसांत दहा हजार टन होतात. देशात महिन्याला सुमारे १७ लाख टन कांदा लागतो. दहा हजार टन म्हणजे देशाचा चार-सव्वाचार तासांचा कांदा. शिवाय कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं, म्हणजे त्याची ताकद महिन्याला साधारण एक टक्क्याने उतरत जाते. नवं कोबाल्ट भरेपर्यंत खोके दरवर्षी थोडे हळू फिरवावे लागतात. वर्षातले उरलेले महिने तेवढं यंत्र कशासाठी चालवायचं, मसाले, आंबा की आणखी काही, हा खर्चाचा प्रश्न वेगळाच. लासलगावच्याच केंद्रातून २००७ मध्ये विकिरण केलेला आंबा अमेरिकेला गेला, तिथे किमान ४०० ग्रेची अट होती. तो उपाय टिकवण्यासाठी नव्हता, कोयीतला भुंगा आणि फळमाशी परदेशात जाऊ नये म्हणून होता. पैसे देणारं गिऱ्हाईक ठरलेलं होतं, म्हणून ते गणित जमलं.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने राखीव साठ्यातला एक लाख टन कांदा विकिरणाने राखण्याचा विचार बोलून दाखवला. वरच्या हिशेबाने त्याला एकाच हंगामात अशी दहा केंद्रं लागतील, आणि तीही कांदा जिथे निघतो त्याच्या जवळ. एक लाख टन म्हणजे देशाची दोन दिवसांचीही गरज नाही. तरी मी या प्रयोगाच्या बाजूचा आहे, विशेषतः शीतगृहाच्या जोडीने. शून्य ते दोन अंशांत ठेवलेल्या कांद्याचं वजन फार उतरत नाही, सड मंदावते, पण बाहेर काढला की तो दणक्यात कोंब काढतो, आणि थंड कांद्यावर ऑक्टोबरच्या हवेतलं पाणी दवासारखं बसतं. आधी विकिरण केलेलं असेल तर कोंबाचा प्रश्न उरत नाही. तापमान एका दिवसात न चढवता टप्प्याटप्प्याने आणलं आणि पंख्याची हवा दिली, तर दवाचाही बंदोबस्त होतो. विजेचं बिल सोसणारं कोणी असेल तर ही जोडी खरोखर कामाची आहे.

पण ते बिल सोसणार कोण आणि टिकलेला कांदा कोणाचा, हा प्रश्न नाशिकमध्ये बसून टाळता येत नाही. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत सरकारच्या राखीव साठ्याची खरेदी होते. हा साठा सरकार ऑगस्टनंतर बाहेर काढतं, भाव चढले की. ते ग्राहकासाठी योग्यच आहे, शहरात हातावर पोट असलेल्या घराला स्वस्त कांदा मिळायलाच हवा. पण नेमके तेच महिने शेतकरी चाळ फोडतो. पाच महिने उन्हात वाळलेला, पावसात निवडलेला, दर आठवड्याला सडका वेचून काढलेला कांदा तो ज्या भावाच्या आशेने ठेवतो, तो भाव साठा बाहेर आला की उतरतो. म्हणजे राखीव साठा जितका चांगला टिकेल तितका चाळीतल्या कांद्यावरचा दाब वाढेल. विकिरणाच्या बातमीत शेतकऱ्याचा फायदा असं सरसकट लिहिलं जातं, तेव्हा हा भाग वगळलेला असतो. फायदा व्हायचा तर त्याच्या स्वतःच्या कांद्याला, त्याला परवडेल त्या दराने आणि काढणीच्याच दिवसांत ही सोय मिळाली पाहिजे.

आणि मिळाली तरी निर्यातीचं दार उघडं हवं. १९ ऑगस्ट २०२३ ला कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, तेव्हा उन्हाळ कांदा चाळींत होता. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, ते पूर्ण हटलं १ एप्रिल २०२५ ला. कांदा आठ महिने टिकवायचं तंत्र हातात आलं आणि आठ महिन्यांत तीनदा नियम बदलले, तर टिकवून ठेवणं ही नुसती जोखीम ठरते. कोंबावर उपाय सापडला आहे, आदेशाच्या तारखेवर नाही. साठवणुकीचं तंत्रज्ञान द्यायचं तर त्याबरोबर निर्यातीचं धोरण निदान हंगामापुरतं, एप्रिल ते नोव्हेंबर, आधी जाहीर करून तसंच ठेवायला हवं. हे मागणं शास्त्राइतकंच महत्त्वाचं आहे.

ग्राहकाचा हक्कही साधा आहे. विकिरण केलेल्या अन्नाच्या वेष्टनावर तसं लिहिणं आणि हिरव्या वर्तुळातलं पानांचं चिन्ह छापणं बंधनकारक आहे. कांदा सुटा विकला जातो, चिन्ह गोणीवर राहतं आणि गोणी दुकानदाराच्या मागच्या खोलीत. दुकानात पाटीवर दोन शब्द खडूने लिहिले तरी पुरेल. लपवलं की संशय वाढतो, मग तो तपकिरी ठिपका दिसला की अफवेला आयतं चित्र मिळतं.

येत्या हंगामात ही सोय तुमच्या भागात आली, तर ती घ्यायची की नाही हे ठरवायला स्वतःच्या चाळीचा आकडा लागेल. दुसऱ्याच्या चाळीचा चालत नाही, कारण जात, माती, खत, वारा सगळं वेगळं. काढणं सोपं आहे. चाळ भरताना जाळीच्या तीन पिशव्यांत मोजून २५-२५ किलो कांदा भरावा, निवडलेला, बाकीच्या ढिगासारखाच. एक तळाशी आणि एक वर, दोन्ही कडेला, पट्ट्यांना लागून, हात पोचेल अशा. तिसरी थराच्या मधोमध, ती चाळ फोडतानाच निघेल. पिशवीला भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी. दर महिन्याच्या एकाच तारखेला कडेच्या दोन्ही पिशव्या काट्यावर टाकाव्यात, सडका निघाला तो वेगळा तोलून लिहावा आणि टाकून द्यावा, कोंब आलेला निघाला तो वेगळा तोलून लिहावा. वही चाळीतच खुंटीला टांगलेली बरी, घरी नेली की लिहायचं राहतं.

समजा, ऑक्टोबरअखेर एका पिशवीत चांगला कांदा १७ किलो उरला, पाच महिन्यांत सडका २ किलो निघाला आणि कोंब आलेला दीड किलो. उरलेले साडेचार किलो हवेत गेले. म्हणजे वजनघट १८ टक्के, सड ८, कोंब ६. अशा चाळीत विकिरणाने वाचला तर शंभर क्विंटलमागे सहा क्विंटल वाचेल. भाव क्विंटलला २,००० रुपये धरला तर १२,००० रुपये, आणि कोंबाचा माल खाद, म्हणजे हलका माल, म्हणून विकून जे काही देऊन जातो ते त्यातून वजा. हा आकडा शंभरने भागला की क्विंटलमागे १२० रुपये येतात. विकिरणाचा दर, जायचं-यायचं भाडं, हमाली आणि वाटेत मार बसणारा कांदा हे सगळं धरून खर्च १२० च्या चांगला खाली राहत असेल तर मेमध्ये नंबर लावावा. तुमच्या वहीत सड १५ टक्के आणि कोंब ३ टक्के निघाला, तर तेच पैसे चाळीचा तळ दीड फूट उचलायला आणि कौलांना लावावेत.